स्पेनमधील शरदोत्सव आणि मृतांचे दोन दिवस

स्पेन देशाचें नांव निघालें कीं बैलाशीं झुंजणारा मनुष्य, पंखा हलविणारी नर्तकी आणि डोळे दिपविणारें ऊन एवढ्याच गोष्टी आपल्यापुढें उभ्या राहतात. ह्यांत नवल नाहीं. परके प्रवासी बहुधा उन्हाळ्यांत तिकडे जातात आणि जें पाहतात तेंच लिहितात. परंतु कोणत्याहि देशाचें घरगुती रूप पाहावयाचें झाल्यास पाहुणे परत गेल्यावर घरचीं माणसें काय करतात तें पाहिलें पाहिजे. स्पेनमध्यें ही वेळ सप्टेंबरच्या मध्यास येते. द्राक्षें उतरतात, केशराचीं शेतें फुलतात, डोंगरांत चेस्टनटचीं फळें गळूं लागतात. आणि नोव्हेंबर लागतांच सारा देश आपल्या मृतांच्या भेटीस निघतो. प्रस्तुत लेखांत मुख्यतः ह्या शेवटच्या गोष्टीविषयीं लिहावयाचें आहे. पण तिच्या आधींचे दोनतीन उत्सव अगदींच वगळणें बरें नव्हे.

द्राक्षांपासून आरंभ करूं. उत्तर स्पेनांतील ला रिओहा हा प्रांत मद्यासाठीं प्रसिद्ध आहे. त्याची राजधानी जें लोग्रोन्यो शहर, तेथें संत मॅथ्यूच्या दिवसाच्या म्हणजे २१ सप्टेंबरच्या सुमारास आठवडाभर उत्सव चालतो. शहराच्या मध्यभागीं लांकडी कुंडांत द्राक्षें ओततात, जुन्या वेषांतील माणसें तीं अनवाणी पायांनीं तुडवितात, आणि निघालेला पहिला रस व्हाल्व्हानेरा येथील मेरीमातेला अर्पण करतात. कारण तीच त्या प्रांताची संरक्षक देवता. नव्या पिकांतलें पहिलें देवाला, ही कल्पना आपल्या वाचकांस समजावून सांगावयास नको.

पुढें १२ ऑक्टोबरला आरागोन प्रांताच्या राजधानींत, म्हणजे सारागोसा शहरीं, स्तंभावर उभ्या असलेल्या मेरीमातेचा मोठा उत्सव होतो. नानाविध ग्रामीण वेषांतील स्त्रीपुरुष हातांत फुलांचे गुच्छ घेऊन तासन्‌तास रांगेनें येतात, आणि चर्चपुढील चौकांत उभारलेल्या उंच सांगाड्यावर तीं फुलें रचून मातेच्या अंगावरचा प्रचंड झगा तयार करतात. पाहणाऱ्यास ही चाल पुराणकाळची वाटते. वास्तविक ती १९५८ सालीं सुरू झाली आहे. हें येथें मुद्दाम सांगितलें. परंपरा म्हणून जें आपल्यापुढें येतें त्याचें वय विचारून घ्यावें. पण वय कमी निघालें म्हणून तिला खोटीहि म्हणूं नये. साठसत्तर वर्षांत ज्या आजी झाल्या, त्यांच्या नातींनीं तोच वेष घालून त्याच रांगेंत उभें राहावयास सुरुवात केली आहे.

ऑक्टोबरच्या अखेरीस ला मांचाच्या पठारावरील कोन्सुएग्रा गांवीं केशराचा उत्सव असतो. टेकडीवर पांढऱ्या पवनचक्क्या आणि खालीं जांभळीं फुलें, असें तें दृश्य. फूल पहांटे उमलतें आणि ऊन चढण्यापूर्वीं तें खुडावें लागतें. मग घरीं टेबलाभोंवतीं बसून प्रत्येक फुलांतील तीन तांबडे तंतु बोटांनीं वेगळे काढावयाचे. एक किलो केशरास सुमारें दीड ते दोन लाख फुलें लागतात, ह्यावरून ह्या कामाचा कस ध्यानांत येईल. उत्सवांत तंतु काढण्याची शर्यत लावतात, आणि तींत एखादी म्हातारी बाई तरुण मुलींस सहज मागें टाकते. केशराला स्पॅनिश भाषेंत ‘आसाफ्रान’ म्हणतात. शब्द मूळचा अरबी. आपल्याकडील ‘जाफरान’ तो हाच. एक पश्चिमेस गेला, दुसरा पूर्वेस आला, एवढेंच.

असो. हे झाले पिकाचे उत्सव. ते उजेडांत होतात, त्यांचीं चित्रें निघतात, नगरपालिका त्यांवर पैसा खर्च करतात. नोव्हेंबरचा उत्सव निराळा आहे. त्याला उत्सव म्हणावें कीं नाहीं असाच प्रश्न पडतो.

१ नोव्हेंबर हा कॅथॉलिक पंचांगांत सर्व संतांचा दिवस, आणि २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा. धर्मशास्त्रदृष्ट्या दोहोंचा अर्थ वेगळा. पहिल्या दिवशीं जे स्वर्गांत पोंचले त्यांचें स्मरण करावयाचें. दुसऱ्या दिवशीं जे अजून वाटेंत आहेत त्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची. मरणानंतर बहुतेक जीव सरळ स्वर्गांत जात नाहींत, आपल्या पापांचा मळ जळून जाईपर्यंत ते एका मधल्या शुद्धिस्थानांत राहतात, आणि जिवंत आप्तांच्या प्रार्थनेनें त्यांचा तेथील काळ कमी होतो, अशी ह्या पंथाची श्रद्धा आहे. मृतांच्या दिवसाची प्रथा फ्रान्समधील क्लूनी मठाचा अधिपति ओदिलो ह्यानें दहाव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास घातली असें मानतात. हा दिवस आपल्याकडे गोव्यांत व वसईकडील ख्रिस्ती कुटुंबांतूनहि पाळला जातो.

परंतु त्याला जो विशेष जोर चढला तो स्पेनमध्यें. एका धर्मगुरूनें एका दिवशीं एकच मिस्सा, म्हणजे वेदीवरील मुख्य उपासना, करावी असा सर्वसाधारण नियम होता. पंधराव्या शतकांत स्पेनमधील दोमिनिकन पंथाच्या साधूंनीं मृतांच्या दिवशीं तीन मिस्सा करण्याचा प्रघात पाडला. प्रार्थना करून घेणारे इतके येत कीं एकीनें भागेना. १७४८ सालीं पोप चौदावे बेनेडिक्ट ह्यांनीं स्पेन, पोर्तुगाल व त्यांचे अमेरिकेंतील मुलूख ह्यांपुरती ह्या प्रघातास मान्यता दिली. पुढें पहिल्या महायुद्धांत युरोपभर प्रेतांचे खच पडले, तेव्हां १९१५ सालीं पोप पंधरावे बेनेडिक्ट ह्यांनीं तोच नियम साऱ्या जगाला लागू केला. एका देशाची घरगुती निकड अशी सर्वांची झाली.

लोकव्यवहारांत मात्र हे दोन दिवस एकच आहेत. १ नोव्हेंबरला देशभर सुट्टी असते, म्हणून स्मशानांत जावयाचें तें त्याच दिवशीं. तयारी आठवडाभर आधींपासून चालते. बायका बादल्या, ब्रश, फडकीं घेऊन जातात, संगमरवरी फरशी घासतात, पितळी अक्षरें लखलखीत करतात, वाळलेलीं झाडें उपटतात. पेद्रो आल्मोदोव्हार ह्या दिग्दर्शकाचा २००६ सालचा ‘व्होल्व्हेर’ हा चित्रपट ज्यांनीं पाहिला असेल त्यांना त्याचा आरंभ आठवेल: सोसाट्याचा वारा सुटला आहे आणि गांवच्या साऱ्या बायका आपापल्या थडग्यांची साफसफाई करीत आहेत. ला मांचांत हें दृश्य कल्पनेनें निर्माण करावें लागत नाहीं.

स्पेनमधील स्मशान आपल्या कल्पनेंतील ख्रिस्ती स्मशानासारखें, हिरवळीवर दगड उभे केलेलें, असें क्वचितच असतें. उंच भिंती, त्या भिंतींत एकावर एक चारपांच कोनाडे, प्रत्येक कोनाड्यांत एक शवपेटी व तोंडाशीं नांवाची पाटी. वरच्या कोनाड्यास फुलें वाहावयाचीं तर शिडी लागते. ती स्मशानांतच ठेवलेली असते. हे कोनाडे पुष्कळ ठिकाणीं ठराविक वर्षांच्या कराराने मिळतात. मुदत संपली आणि पैसे भरणारा कोणी उरला नाहीं, तर अस्थि काढून सामायिक जागेंत ठेवतात. ही सारी रचना तशी अलीकडची. पूर्वीं प्रेतें चर्चच्या जमिनीखालींच पुरीत. १७८१ सालीं बास्क किनाऱ्यावरील पासाहेस गांवीं रोगाची मोठी सांथ आली, आणि चर्चमधील कबरींची दुर्गंधि तिचें कारण ठरली. तेव्हां राजा तिसरा कार्लोस ह्यानें १७८७ सालीं हुकूम काढून स्मशानें गांवाबाहेर नेण्यास सांगितलें. लोकांना तें मुळींच रुचलें नाहीं. आपल्या माणसांना वेशीबाहेर टाकावयाचें कसें? हुकूम सर्वत्र अमलांत येण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं. ज्या दिवशीं सगळें गांव फुलें घेऊन वेशीबाहेर चालत जातें, तो दिवस आज दिसतो त्या रूपांत ह्या हुकुमानंतरचा आहे.

फुलें बहुतेक शेवंतीचीं. ही वनस्पति मूळची चीन-जपानकडील. पण ती ऐन नोव्हेंबरांत फुलते म्हणून स्पेनमध्यें मृतांची होऊन बसली. म्हणूनच तिकडे कोणाच्या घरीं जेवावयास जातांना शेवंतीचा गुच्छ नेऊं नये. आपल्याकडे गौरीच्या पूजेला आणि नववधूच्या वेणींत शोभणारें फूल तिकडे सुतकाचें ठरावें, हा ऋतूचा खेळ आहे. फुलाचा त्यांत कांहीं दोष नाहीं.

ह्या दिवसाचा वाङ्मयाशींहि एक चमत्कारिक संबंध आहे. १८३६ सालच्या २ नोव्हेंबरला मारियानो होसे दे लार्रा ह्या तरुण पत्रकाराचा एक निबंध माद्रिदच्या वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाला. माद्रिदचे लोक झुंडीझुंडीनें शहराबाहेरच्या स्मशानाकडे चालले आहेत, आणि लेखक उलट शहरांत शिरत आहे. त्याचें म्हणणें असें कीं, खरें स्मशान आंतच आहे. येथील एकेक घर हें एकेका कुटुंबाचें थडगें, आणि एकेक सरकारी इमारत ही पुरलेल्या एकेका संस्थेची कबर. शेवटीं तो स्वतःच्या हृदयांत डोकावतो, तों तेथेंहि त्याला थडगेंच दिसतें. साडेतीन महिन्यांनीं, १८३७ च्या फेब्रुवारींत, लार्रानें पिस्तूल झाडून घेऊन आत्महत्या केली. तेव्हां त्याचें वय सत्तावीस होतें. त्याच्या दफनाच्या वेळीं होसे सोर्रिल्या नांवाचा, वीस वर्षेंहि पुरीं न झालेला, एक अप्रसिद्ध मुलगा पुढें झाला आणि त्यानें स्वतः रचलेली कविता वाचली. त्या एका दुपारीं तो कवि म्हणून देशाला माहीत झाला.

ह्याच सोर्रिल्याचें ‘दोन हुआन तेनोरिओ’ हें नाटक १८४४ सालीं रंगभूमीवर आलें. जुन्या नाटकांत स्त्रियांना फसविणारा हा उन्मत्त सरदार शेवटीं नरकांत जातो. सोर्रिल्यानें तें बदललें. त्याच्या नाटकाचा उत्तरार्ध स्मशानांत घडतो, दगडी पुतळे चालूं बोलूं लागतात, आणि ज्या निष्पाप इनेसचा नायकामुळें अंत झाला तिचाच आत्मा शेवटच्या क्षणीं त्याचा हात धरून त्याला वर नेतो. नाटक लोकांना इतकें आवडलें कीं नोव्हेंबरच्या आरंभीं तें करण्याचा रिवाजच पडला, आणि पिढ्यान्‌पिढ्या लोकांनीं तें पाठ केलें. सोर्रिल्यानें त्याचे सर्व हक्क आधींच ४,२०० रेआल घेऊन विकले होते. दर वर्षीं नाटकगृहें भरत आणि तो कर्जांत असे. त्या नाटकाविषयीं पुढें तो फार कडवटपणें बोले. माद्रिदजवळील आल्काला दे एनारेस येथें १९८४ पासून तें रात्रीं शहराच्या रस्त्यांतून व चौकांतून करतात. प्रेक्षकहि नटांबरोबर चालत असतात.

आतां खाण्याविषयीं, कारण खाण्यावांचून पितरांचा दिवस कोठेंच होत नाहीं. कणकेचें पातळ पीठ अंड्यांत घोळवून तळतात आणि पोकळ फुगलेल्या गोळ्यांत गोड सायीचा लगदा भरतात. त्यांना ‘वाऱ्याचे वडे’ म्हणतात, आणि एक वडा खाल्ला कीं शुद्धिस्थानांतून एक जीव सुटतो असा समज आहे. असें पुण्य करावयास मुलांना आग्रह करावा लागत नसावा! दुसरा पदार्थ ‘संतांचीं हाडें’. नांव ऐकून आपल्या वाचकभगिनींस शिसारी येईल. पण त्यांत हाड नाहीं. बदाम व साखर एकत्र वाटून त्याची पांढरीशुभ्र नळी करतात आणि तींत अंड्याच्या पिवळ्या बलकाचा गोड पाक भरतात. कातालोनियांत बदाम, साखर व बटाटा किंवा रताळें ह्यांचे छोटे लाडू वळून ते चिलगोज्यांत घोळवितात व भाजतात. त्यांबरोबर भाजलेलीं रताळीं, चेस्टनट आणि गोड मद्य. डोक्याला रुमाल बांधलेली, शेगडीवर चेस्टनट भाजून कागदाच्या पुडींत देणारी म्हातारी ही बार्सेलोनाच्या नोव्हेंबरची खूण आहे. दक्षिणेस कादिस शहरीं तर बाजारांतील दुकानदार भाज्या, मासे आणि सोललेलीं डुकराचीं पिलें ह्यांना कपडे चढवून त्या वर्षाच्या राजकारणावर देखावे मांडतात. शाकाहारी मनुष्यानें हें लांबूनच पाहावें.

चेस्टनट ह्याच दिवशीं कां, ह्याचें कातालोनियांत एक कारण सांगतात, आणि तें मला ह्या सर्व चालीरीतींच्या गाभ्याशीं नेणारें वाटतें. १ नोव्हेंबरच्या रात्रीं गांवोगांव चर्चची घंटा रात्रभर वाजत असे. मृतांसाठीं प्रार्थना करा, असें जिवंतांस सांगण्यासाठीं. एक जोरकस ठोका, मग लांब विराम, मग पुन्हां ठोका, पहांटेपर्यंत. एवढी घंटा कोणा एकाच्यानें ओढवत नाहीं. घंटा वाजविणारे, त्यांचे मित्र, गांवचे तरुण असे आळीपाळीनें दोर धरीत. आणि थंडींत अंगांत बळ राहावें म्हणून घराघरांतून त्यांच्यासाठीं चेस्टनट व मद्य येई. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यांत एक गोष्ट खरी आहे. मृतांचें स्मरण ही नुसती भावना नव्हे. तें काम आहे, आणि तें कोणीतरी रात्रभर जागून करावें लागतें. स्पेनमधील हातानें घंटा वाजविण्याची कला २०२२ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशाच्या यादींत घेतली. तोंपर्यंत बहुतेक मनोऱ्यांत विजेच्या मोटारी बसून गेल्या होत्या.

हें काम स्पेनमध्यें बहुतांशीं स्त्रियांचें होतें. घरांत बशींत पाणी व तेल घालून त्यावर बुचाच्या चकतीवर बसविलेल्या लहान वाती तरंगत ठेवतात. त्यांना ‘फुलपांखरें’ म्हणतात. घरांतील प्रत्येक मृताच्या नांवानें एक वात. त्या रात्रीं मुलांस त्या खोलींत हंसूं देत नसत. दक्षिणेकडील हाएन प्रांतांत ह्या सणाला पिठाची गोड लापशी करीत आणि उरलेली लापशी तरुण मंडळी शेजाऱ्यांच्या दारांच्या कुलपांत भरून ठेवीत, म्हणजे भटकणारे आत्मे किल्लीच्या भोंकांतून आंत येणार नाहींत. दुसरे दिवशीं शेजारीण काय म्हणत असेल त्याची कल्पना करावी.

पण ह्या सर्वांत मनाला अधिक स्पर्श करणारी रीति बास्क लोकांची आहे. हे लोक स्पेनच्या उत्तर टोंकास राहतात, आणि त्यांची भाषा युरोपांतील दुसऱ्या कोणत्याहि भाषेशीं नातें सांगत नाहीं. त्यांच्यांत कुटुंबापेक्षां घर श्रेष्ठ. घराला नांव असे, आणि माणसें त्या नांवानें ओळखलीं जात. प्रत्येक घराची चर्चच्या जमिनींत एक ठराविक जागा असे. तेथें त्या घराचे मृत पुरलेले. घर विकलें तर ती जागाहि घराबरोबर जाई. पुढें चर्चमध्यें पुरणें बंद झालें, प्रेतें वेशीबाहेर गेलीं. पण त्या लांकडी जमिनीवरची घराची जागा तशीच राहिली. घरची मालकीण तेथें बसे आणि मृतांसाठीं दिवा लावी. हा दिवा म्हणजे हातभर लांबीची, कोरीव नक्षी केलेली लांकडी फळी. तिच्याभोंवतीं मेणाची बारीक वात दोरीसारखी गुंडाळलेली. तिला ‘आर्गिसायोला’ म्हणतात. वात जळत जाईल तशी उलगडत जावयाचें. पुष्कळ फळ्या माणसाच्या आकाराच्या असतात. हा दिवा लावण्याचा मान पुरुषाचा नव्हे, धर्मगुरूचा नव्हे. तो घरच्या बाईचा, आणि ती थकली कीं सुनेचा किंवा मुलीचा. आपल्याकडे श्राद्धाचा अधिकार पुत्राचा आणि स्वयंपाकाचे कष्ट बायकांचे, अशी वांटणी आहे. बास्क लोकांत कष्ट व अधिकार एकाच हातांत होते, एवढा फरक नोंदण्यासारखा आहे. गिपुस्कोआ प्रांतांतील आमेस्केता गांवच्या चर्चमध्यें नोव्हेंबरच्या ह्या सणाला जमिनीवर ह्या फळ्या अजून पेटवितात. अन्यत्र त्या बहुतेक पदार्थसंग्रहालयांत गेल्या आहेत.

सालामांका प्रांतांत ला आल्बेर्का नांवाचें डोंगरी गांव आहे. दगड व लांकूड ह्यांनीं बांधलेलीं त्याचीं घरें इतकीं जशींच्या तशीं राहिलीं आहेत कीं १९४० सालीं सबंध गांवच ऐतिहासिक स्मारक म्हणून जाहीर झालें. तेथें मृतांचा दिवस वर्षांतून एकदां नसतो; तो रोज असतो. दिवेलागणीला एक स्त्री हातांत घंटा घेऊन निघते, गल्लींच्या कोपऱ्यांवर थांबते, घंटेचे ठोके देते, आणि शुद्धिस्थानांतील जीवांसाठीं प्रार्थना करा असें मोठ्यानें म्हणून पुढें जाते. तिला ‘आत्म्यांची दासी’ म्हणावें. पाऊस असो, बर्फ असो, तिची फेरी चुकवावयाची नाहीं असा दंडक. गांवांतील बायकांनीं हें काम एकीमागून एक सांभाळीत आणलें आहे. हल्लीं तिच्यामागें छायाचित्रें घेणारे पाहुणे असतात. त्यामुळें तिच्या कामांत कांहीं फरक पडत नाहीं.

वायव्येकडील गालिसिया प्रांत पावसाचा, धुक्याचा आणि म्हणूनच भुतांचाहि. तेथील लोककथांत रात्रीं मृतांची एक मिरवणूक रानवाटांनीं फिरते. पुढें एक जिवंत मनुष्य क्रूस धरून चालत असतो; तो दिवसेंदिवस पांढरा पडत जातो, आणि वाटेंत भेटलेल्या दुसऱ्या कोणाच्या हातांत क्रूस दिल्याखेरीज त्याची सुटका नसते. मिरवणूक दिसल्यास जमिनीवर वर्तुळ काढून त्यांत उभें राहावें. ह्याच प्रांतांत चेस्टनटचा सर्वांत मोठा सण होतो. अमेरिकेंतून बटाटा येण्यापूर्वीं गरिबांची भाकर चेस्टनटचीच होती. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशीं, ओउरेन्से शहरचे लोक डोंगरावर जाऊन आगट्या पेटवितात, चेस्टनट भाजतात, नवें मद्य पितात आणि एकमेकांच्या तोंडाला कोळसा फांसतात.

आणि ह्याच गालिसियांत मुलें तांबडा भोपळा कोरून त्याला डोळे, नाक, दांत करीत, आंत मेणबत्ती ठेवीत आणि तो अंधारांत कुंपणावर किंवा चव्हाट्यावर मांडून येणाऱ्याजाणाऱ्यास भिववीत. असाच खेळ आस्तुरियस, लेओन, कास्तिया व कातालोनिया ह्या भागांतूनहि चाले. हें येथें सांगण्याचें कारण असें कीं, १९९० नंतर अमेरिकन चित्रपटांबरोबर ‘हॅलोवीन’ हा सण स्पेनमध्यें शिरला. मुलें भुतांचे वेष घेऊन दारोदार मिठाई मागूं लागलीं, दुकानें प्लास्टिकच्या भोपळ्यांनीं भरलीं, आणि वर्तमानपत्रांतून दर ऑक्टोबरास तक्रार सुरू झाली कीं परकी चाल आपली परंपरा खाऊन टाकीत आहे. कांहीं धर्माधिकाऱ्यांनीं मुलांस भुतांऐवजीं संतांचे वेष देण्याचा उपक्रम काढला. गालिसियांतील सेदेइरा येथील एका शिक्षकानें दुसरा मार्ग धरला. त्यानें म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी गोळा करून दाखवून दिलें कीं भोपळा परका नाहीं. तो आपल्या आजोबांचा आहे, आपणच तो विसरलों होतों. त्या गांवचा भोपळ्यांचा सण तेव्हांपासून पुन्हां सुरू झाला आणि आतां प्रांतांतील शाळांतून तो होतो.

माझें मत असें कीं तक्रार करणारांनीं चोर चुकीचा धरला आहे. भोपळ्यानें घंटा बंद पडत नाहीं. घंटा बंद पडते ती दोर ओढणारे उरले नाहींत म्हणून. सोरिया प्रांताचेंच पाहा. गुस्तावो आदोल्फो बेकेर ह्यानें १८६१ सालीं आपली प्रसिद्ध भयकथा ह्याच शहराजवळच्या ‘आत्म्यांच्या डोंगरा’वर रचली: चुलत बहिणीच्या शब्दाखातर एक तरुण मृतांच्या रात्रीं हरवलेला निळा पट्टा आणावयास डोंगरावर जातो, आणि पट्टा तेवढा रक्तानें माखून परत येतो. आज सोरियाचे नागरिक दर वर्षीं ह्या कथेचा उत्सव मोठ्या थाटानें करतात. पण १९०० सालीं त्या प्रांतांत सुमारें दीड लाख माणसें होतीं; आतां नव्वद हजारांच्या आसपास आहेत. शिकलेलीं मुलें माद्रिदला, सारागोसाला, बार्सेलोनाला गेलीं आणि तेथेंच राहिलीं. २०१६ सालीं सेर्हिओ देल मोलिनो ह्या लेखकानें ह्या ओस पडलेल्या मुलखावर ‘रिकामा स्पेन’ ह्या अर्थाच्या नांवाचें पुस्तक लिहिलें, आणि तें नांवच सर्वांच्या तोंडीं झालें.

त्यांतच दहनाची चाल वाढली आहे. कॅथॉलिक चर्चनें १९६३ सालीं दहनास परवानगी दिली. गेल्या कांहीं दशकांत शहरांतून तें सर्रास झालें. कोनाड्याचें भाडें भरण्यापेक्षां तें सोपें पडतें. मात्र रक्षा घरीं ठेवूं नये, वाऱ्यावर किंवा समुद्रांतहि सोडूं नये, पवित्र जागींच ठेवावी, असें रोमहून २०१६ सालीं पुन्हां बजावण्यांत आलें. आपल्याला हा आग्रह प्रथम चमत्कारिक वाटेल, कारण आपण अस्थि नदीच्या स्वाधीन करून मोकळे होतों आणि पितरांना तिथीवर बोलावतों. त्यांचे मृत तिथीला येत नाहींत. त्यांना जागेवर जाऊन भेटावें लागतें. जागाच नसेल तर शेवंती न्यावयाची कोठें, हा तेथील म्हाताऱ्या आईचा प्रश्न आहे, आणि शहरांतला मुलगा तिला त्याचें उत्तर देऊं शकत नाहीं.

तरीहि १ नोव्हेंबरला हीं रिकामीं गांवें भरतात. एरवीं जेथें हिवाळ्यांत दहापंधरा घरांतूनच धूर निघतो तेथें सकाळपासून मोटारी येऊं लागतात. मागच्या बाजूस शेवंतीच्या कुंड्या, बादली, ब्रश. भिंतीपाशीं शिडी लावून नातू वर चढतो आणि खालून आजी पाटी कशी पुसावी तें सांगते. एकेका धर्मगुरूकडे हल्लीं अनेक गांवें असल्यामुळें त्याला एका दिवसांत सगळीकडे पोंचतां येत नाहीं. म्हणून वेळापत्रक लावून तो कोठें आदल्या संध्याकाळीं, कोठें सकाळीं, तर कोठें दुसरे दिवशीं स्मशानांत उभा राहून प्रार्थना म्हणतो, आणि लोक आपल्या गांवचा तास कोणता तें आधीं फोनवर विचारून घेतात. जेवणें होतात, उरलेले वडे डब्यांत भरले जातात. लवकर अंधार पडतो म्हणून चार वाजतांच मोटारी परत वळूं लागतात, आणि ज्यांच्या घरीं कोणी रात्रीं राहणार नाहीं ते निघण्यापूर्वीं स्मशानांतल्या मेणबत्तीवर कांचेचें झांकण बसवितात, म्हणजे ती वाऱ्यांतहि रात्रभर टिकावी.